नव्या राजधानीतली खिरापत

माझे फॉर्म फार सुंदर असायचे. हे मीच सांगते, कारण आता दुसरं कोणी सांगणारं उरलेलं नाही. निळी शाई, रेघेवर बसलेलं अक्षर, खाडाखोड नाही, एकही रकाना रिकामा नाही. रायपूरच्या आमच्या संस्थेत नवीन माणूस आलं की मोठ्या दीदी कपाटातून माझा एखादा फॉर्म काढायच्या आणि म्हणायच्या, "ऐसे भरते हैं।" मी लाजल्यासारखी मान खाली घालायची आणि मनातल्या मनात फुगून बसायची. याच फॉर्मांनी एका वर्षी तीसेक लेकरांच्या दुपारच्या जेवणावर पाणी फिरवलं होतं. ते कसं झालं आणि मी ते कसं निस्तरलं, ही माझ्या सगळ्या नोकरीतली मला सर्वांत आवडती आठवण आहे. लग्नाच्या आठवणीपेक्षाही. नवऱ्याला हे माहीत आहे.

आम्ही रायपुरात आलो तेव्हा राज्य नवंकोरं होतं. वर्धेकडचं आमचं खेडं सोडून नवऱ्याच्या नोकरीपायी आलो. त्याला नव्या सरकारी कार्यालयात जागा मिळाली होती. शहरभर ओल्या रंगाचे फलक लागत होते. काल ज्या बंगल्याच्या दोरीवर कोणाची तरी धोतरं वाळत होती, तिथे आज खात्याचं नाव आणि दारात शिपाई. सगळेच नवे, सगळेच एकमेकांना पत्ता विचारणारे. माझ्याकडे मराठीची एम.ए.ची पदवी होती. रायपुरात तिचा उपयोग इतकाच, की ती भिंतीवर टांगली तर तिथला पोपडा झाकला जायचा.

पण मला देवनागरी टायपिंग यायचं. पंडरीत, कापडाच्या एका ठोक दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांत एक संस्था चालायची. मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं, बायांसाठी दवाखान्याची मदत, असं काम. तिच्या प्रमुख म्हणजे मोठ्या दीदी. त्या रायपूरच्याच, केस पांढरे, आवाज खणखणीत, आणि कोणालाही 'शाबाश' म्हणायच्या आधी तीनदा विचार करणाऱ्या. कापडाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत मी जिना चढले, एक पान टाइप करून दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

माझ्या हिंदीला मराठीचा वास यायचा. कार्यालयातले लोक प्रेमानेच हसायचे, 'मराठिन मैडम' म्हणायचे, पण मला ते झोंबायचं. मग मी सावध झाले. बोलण्याआधी वाक्य मनात धुऊन घ्यायची. कोणी गाव विचारलं की खुशाल 'नागपूर' सांगायची, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत. घरी सण केला तर डब्यात काही घेऊन जायची नाही. नवरा म्हणायचा, "तू काहून लपवून राहिली? चोरी केली काय आपण?" मी म्हणायची, तुम्हाला नाही कळायचं. खरं तर मलाही कळत नव्हतं.

तीन वर्षं मी इतरांचे अहवाल टाइप केले. एके दिवशी एका कार्यकर्त्याने असा गिचमिड कागद आणून दिला की माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, यापेक्षा मीच जाऊन लिहून आणते. मोठ्या दीदींनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "तो जाओ।" रागाच्या भरात मिळालेली बढती म्हणतात ती अशी. पुढच्या सोमवारी मी नव्या रायपुरात होते.

नवं रायपूर तेव्हा बांधून होत होतं. सहा-सहा गाड्या शेजारी चालतील एवढे रस्ते, आणि त्यावर चालणारी मी एकटी. बस चौकात सोडायची, मग पुढे अर्धा तास पायी. इमारती वर चढत होत्या आणि त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांची मजुरांची वस्ती. बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बायांना तिकडे रेजा म्हणतात. या रेजांची लहान पोरं दिवसभर सांभाळायला आमची पत्र्याची एक मोठी खोली होती. ती खोली आता माझी.

पहिलंच काम फॉर्म भरण्याचं. एक देणगीदार मंडळ पाळणाघरांना दुपारचं जेवण देणार होतं, पण आधी कोणाला किती गरज आहे ते कळायला हवं. मुलाला रोज डाळ मिळते का? भाजी? अंडं? दिवसातून किती वेळा जेवतं? मी एकेका बाईच्या दारात बसले, पेन सरळ धरलं आणि विचारत गेले. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर. "हव." म्हणजे हो. हसतमुखाने, पाण्याचा लोटा पुढे करत, "हव दीदी, हव." चार दिवसांत सगळे फॉर्म भरून झाले. मोठ्या दीदींनी ते चाळले, अक्षर बघितलं आणि चक्क 'शाबाश' म्हणाल्या. त्या दिवशी मी घरी जाताना जिलबी घेतली.

महिन्याभराने पंडरीच्या माडीवर बैठक झाली. देणगीदारांची यादी आली होती. मोठ्या दीदींनी वाचून दाखवली. ज्या केंद्रांना जेवण मिळणार त्यात सिलतराच्या कारखान्यांकडचं केंद्र होतं, आणखी दोन-तीन होती. माझं नव्हतं. त्यांनी खुलासा केला, की या बाईंच्या केंद्रातली मुलं उत्तम खातात असं फॉर्मवरून दिसतं, तिथे गरज नाही, अभिनंदन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही दोन वाजवल्या, आणि तिसरी वाजवताना हात थांबला.

मी रोज त्या लेकरांना कडेवर घेत होते. अकराच्या सुमारास ती मलूल होऊन भिंतीशी पडायची. दीड-दोन वर्षांचं पोर उचललं तर उशी उचलल्यासारखं वाटायचं. हे सगळं माझ्या हातांना ठाऊक होतं, पण फॉर्मात त्याला रकाना नव्हता आणि मी रकान्यांपलीकडे बघितलंच नव्हतं.

"दीदी, फॉर्म गलत हैं," मी म्हणाले.

"किसने भरे?"

"मैंने."

सगळे हसले. दीदी हसल्या नाहीत. म्हणाल्या, मंडळाचे साहेब दसऱ्यानंतर केंद्रं बघायला येणार आहेत. तोवर खरं काय ते आण. पण असं आण, की त्यांना पटलं पाहिजे. नाहीतर या वर्षी तुझ्या पोरांना जेवण नाही. दसऱ्याला तेव्हा चारेक आठवडे होते.

मी तडक वस्तीत गेले आणि पुन्हा विचारलं. डाळ? "हव." भाजी? "हव." माझा तोल गेला. मी ओरडले, खोटं काहून बोलता? तुमच्याच लेकरांचं नुकसान करता, एवढंही कळत नाही? पुढचे दोन दिवस बाया पोरं सोडायला आल्या त्या मान फिरवून. पाण्याचा लोटाही आला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक जण माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. उंच, काळीसावळी, दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. तिची धाकटी पोरगी म्हणजेच ती उशीसारखी हलकी. ती शांतपणे म्हणाली, "घर आए मनखे ला नइ हे कइसे कहिबो, दीदी?" घरी आलेल्या माणसाला 'नाही' कसं म्हणायचं?

मला तोंडात मारल्यासारखं झालं, कारण माझी आई अशीच होती. कोणी सरकारी माणूस दारात आला की पदर सावरून म्हणायची, "सगळं हाये जी आमच्याकडं." आणि आत चुलीवर नुसतं पाणी उकळत असायचं. हे मला माहीत होतं. मी त्याच घरातली. तरी पेन हातात आलं आणि विसरले.

त्या संध्याकाळी घरी भुलाबाई होती. विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगते. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर आमच्याकडे पोरीबाळी संध्याकाळी जमतात. भुलाबाई आणि भुलोबा म्हणजे पार्वती-शंकर, मातीचे, रंगवलेले. ज्वारीच्या पाच धांड्यांच्या मखरात त्यांना बसवायचं, टाळ्या-टिपऱ्यांवर गाणी म्हणायची आणि मग खिरापत. पण खिरापत अशी सरळ मिळत नाही. डबा बंद असतो. तो कानाशी नेऊन हलवायचा, आवाज ऐकायचा, गोड का तिखट विचारायचं आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखेपर्यंत झाकण उघडत नाही.

आमच्या गल्लीतल्या पाच-सहा मराठी घरांच्या बाया आणि त्यांच्या पोट्ट्या आल्या होत्या. गाणी मराठी, पण पोट्ट्या डबा हलवत हिंदीत ओरडत होत्या, "आंटी, चिवड़ा है ना? नमकीन है ना?" मी नुसती बघत होते. एकीचा डबा दुसरीच्या हातात, सगळ्यांचे डोळे डब्यावर. कोणी कोणाला विचारत नव्हतं, की बाई, तुझ्या घरी काय शिजलं? आणि तरी महिन्याभरात मला या सगळ्या घरांत काय शिजतं ते तोंडपाठ झालेलं असायचं. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचा हात आखडलाय, सगळं.

सगळ्या गेल्यावर मी नवऱ्याला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मंग घेऊन जा न भुलाबाईले तिकडं."

"हसतील."

"हसू दे न. आत्ता कुठं बोलून राहिल्या तुझ्यासंग? यापेक्षा वाईट काय व्हनार हाय?"

दुसऱ्या दिवशी मी भुलाबाई-भुलोबाला वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातलं आणि मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. कार्यालयात कोणाला सांगितलं नाही. धांडे कुठून आणणार, तो सगळा भाताचा मुलूख. बांधकामावरच्या बांबूच्या पाच कामट्या उभ्या केल्या. दुपारच्या सुट्टीत बाया पोरांना पाजायला आल्या आणि दारातच थांबल्या. "ये त गौरा-गौरी आय!" त्यांच्याकडे दिवाळीला मातीचे गौरा-गौरी बसवतात. तेही शंकर-पार्वतीच. एवढंसं कारण पुरलं. रुसवा दारात राहिला आणि त्या आत आल्या.

मी मराठीत गाणं म्हटलं. जपून, घसा खाकरत, दाराकडे बघत. त्यांना शब्द कळले नसतील, पण टाळी कळली. दुसऱ्या कडव्याला त्या कमरेत वाकून, गोल धरून टाळ्या वाजवत होत्या, आणि माझ्यापेक्षा ठेक्यात. खिरापतीला मी रव्याचे लाडू नेले होते. डबा हातोहात फिरला, गोंधळ झाला, ओळखलं, खाल्लं. मी नियम सांगितला: ज्या बाईला ओळखता येणार नाही तिने पुढची खिरापत आणायची.

मग डबे येऊ लागले. बेसनाची ठेठरी, गुळाची खुरमी, एकदा तर चक्क पेढा. मी हरखले. पण पेढ्याच्या डब्याला दुकानाच्या कागदाचा तुकडा चिकटलेला होता, आणि खुरमी आणणारी बाई शेजारणीकडून वाटीभर गूळ मागून नेताना मी स्वतः बघितली होती. म्हणजे झालं काय, की तोंडातला 'हव' आता डब्यात बसून येत होता. मी डोक्याला हात लावला. चिडायला निघाले आणि चिडायला कोणी सापडेना. पहिला लाडवांचा डबा माझाच होता ना? काजू-बेदाणे घालून, माझ्या घरीही एरवी होत नाहीत असे. मीसुद्धा त्यांना 'हव'च म्हटलं होतं.

माझ्या लहानपणी आमच्या घरची खिरापत ठरलेली असायची. ज्वारीच्या घुगऱ्या. ज्वारी भिजवायची, शिजवायची, मीठ घालायचं, संपलं. बाकीच्या घरी शंकरपाळे, करंज्या, खोबऱ्याची वडी. आमच्या दारात पोरी डबा हलवायच्याही नाहीत, लांबूनच ओरडायच्या, "घुगऱ्या!" मी रडायची. एका वर्षी मी आईचा डबा धान्याच्या कोठीमागे लपवला आणि पोरींना सांगितलं, आज आमच्याकडे खिरापत नाही. आईने तो शोधून काढला आणि सगळ्यांना वाटला. वाटताना ती इतक्या ऐटीत होती, की मला आणखीनच राग आला. ती ऐट मला इतक्या वर्षांनी, रायपुरात, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी असताना कळली. माहेराहून आलेली ज्वारी घरात होती. मी ती भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी माझा डबा कोणालाच ओळखता आला नाही. त्या बाजूला ज्वारी खातो कोण? मी झाकण काढलं आणि बोलत सुटले, माझ्या त्या वासाच्या हिंदीत, एकही वाक्य न धुता. हे माझ्या आईचं आहे. ती हेच द्यायची, कारण घरात दुसरं नसायचं. आणि मी नागपूरची नाही, वर्धेकडच्या एका खेड्यातली आहे, जिथे अजूनही बस आली तर बघायला लोक बाहेर येतात. बायांनी चिमूट-चिमूट घेतली. गोंदलेल्या हातांची ती बाई सावकाश चावत राहिली, मग मीठ कमी आहे म्हणाली, मग आणखी मागितलं. जाताना वळून म्हणाली, "काली मोर पारी." उद्या माझी पाळी. हरल्या सगळ्याच होत्या, पाळी तिने मागून घेतली.

तिचा डबा स्टीलचा होता, घट्ट झाकणाचा, धुतलेल्या फडक्यात बांधलेला. पहिलीने हलवला. आवाज नाही. दुसरीने कानाला लावला. नाही. गूळ आहे, तळाला चिकटलाय. नाही. भात आहे, दाबून भरलाय. नाही. हलवा? खवा? ती नुसती मान हलवत होती आणि हसू दाबत होती. मीही दोनदा हरले. शेवटी सगळ्यांनी हात टेकले. तिने गाठ सोडली, झाकण काढलं आणि डबा आडवा धरून गोल फिरवला. आत काही नव्हतं. लख्ख घासलेला.

"जीत गेंव!" ती ओरडली. "मैं जीत गेंव!" आणि हसत सुटली, ठसका लागेपर्यंत. मग सगळ्याच हसायला लागल्या. एकमेकींच्या पाठीवर थापा मारत, डोळे पुसत. मी हसत होते आणि रडत होते. हसू थांबल्यावर ती सहज सांगू लागली, रात्रीचा भात रात्रीच संपला, सकाळी पोरीला पेज दिली, मीठ घालून. तिच्या शेजारची म्हणाली, माझ्याकडे तर मीठही संपलं होतं. तिसरी म्हणाली, कांदा होता. डाळ कधी केली होती यावर दोघींचं भांडणच लागलं. मी कागद बाहेर काढला नाही. पेनाला हातसुद्धा लावला नाही.

त्यानंतर खरे डबे आले. बासी, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला. मूठभर चणे. मिरचीची चटणी. कधी नुसतं पाणी, आणि ते ओळखलं की केवढा जल्लोष. मी सगळं डोक्यात साठवायची आणि परतीच्या बसमध्ये कोऱ्या फॉर्मांवर लिहायची. बस हादरायची, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, रकान्यांच्या बाहेर, समासात, मागच्या बाजूला. जन्मात एवढं घाण लिहिलं नव्हतं आणि एवढं आनंदाने लिहिलं नव्हतं.

दसरा झाला. साहेब आले, मोठ्या दीदी त्यांना जीपमधून घेऊन आल्या. साहेब सज्जन होते, चेहऱ्यावर थकवा, एका हातात माझे जुने फॉर्म आणि दुसऱ्या हातात मी नुकतेच दिलेले नवे. दीदींनी नव्या गठ्ठ्याकडे बघून मला हळूच विचारलं, "ये तुम्हारी लिखाई है?" साहेब म्हणाले, बाई एकच, मुलं तीच, आणि दोन गठ्ठे अगदी उलट. मी कोणत्या गठ्ठ्यावर विश्वास ठेवू? रास्त प्रश्न होता. मी तोंड उघडायच्या आत ते स्वतःच बायांकडे वळले आणि अदबीने विचारलं, "बच्चों को दाल मिलती है?"

"हव!" सगळ्या एका सुरात.

"सब्ज़ी?"

"हव!"

दीदी माझ्याकडे बघत होत्या. त्या क्षणी मला त्या सगळ्या बायांची डोकी एकमेकींवर आपटावीशी वाटली, आणि त्याच क्षणी त्यांची इतकी माया आली की काय सांगू. पाहुणा आला होता ना घरी. त्याला 'नाही' कसं म्हणणार?

"साहब," मी म्हणाले, "नीचे बैठिए." दीदींच्या भुवया वर गेल्या. मी साहेबांना भुलाबाईसमोर सतरंजीवर बसवलं, मी बसले, दीदींनाही बसावं लागलं. बायांना म्हटलं, आपापले आजचे डबे आणा. साहेबांना नियम सांगितला. मग गाणं झालं. मी खड्या आवाजात म्हटलं, आणि बायांनी पाठ झालेले मराठी शब्द त्यांच्या चालीत ओढून म्हटले. मोठ्या दीदी टाळी वाजवत होत्या. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

साहेबांनी पहिला डबा हलवला. पातळ आवाज आला. "दाल!" झाकण उघडलं, बासी. "हार गे! साहब हार गे!" दुसरा. "दूध?" पेज. तिसरा त्यांनी हुंगला, आणि हुशारीने म्हणाले, भाजी-पोळी. उघडला तर एक कांदा, दोन मिरच्या. बायांना हसू आवरेना. पोरंही कळो न कळो हसत होती. साहेब आधी त्यांच्यासोबत हसले, चौथ्या डब्याला थोडे कमी, पाचव्याला चष्मा पुसू लागले.

मग गोंदलेल्या हातांच्या बाईने आपला स्टीलचा डबा पुढे केला. साहेबांनी तो हलवला. पुन्हा हलवला. तळहातावर ठेवून वजन पाहिलं. त्यांना कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं, की कळलं आहे. आणि साहेब तिच्याकडे बघून, अडखळत म्हणाले, "मिठाई... होगी."

त्यांनाही म्हणता आलं नाही.

तिने झाकण काढून दाखवलं. या वेळी ती ओरडली नाही. डबा तिने साहेबांच्या मांडीवर ठेवला आणि हसून, अगदी नियमाला धरून म्हणाली, "हार गेव साहब. अब डब्बा तुंहर." हरलात, आता डबा तुमचा.

साहेबांनी तो रिकामा डबा दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. "लाऊँगा," म्हणाले.

जीपमध्ये बसण्याआधी त्यांनी वही काढून विचारलं, या पद्धतीला काय म्हणतात? दीदी इंग्रजीत काहीतरी भारदस्त सांगायला लागल्या. मी मध्येच म्हणाले, "भुलाबाई. आमच्याकडची आहे, विदर्भातली." आणि मग माझ्या खेड्याचं नाव सांगितलं, तालुक्यासकट, आणि त्यांनी लिहून घेईपर्यंत हलले नाही. छाती अशी भरून आली होती की दीदींनी नोकरीवरून काढलं असतं तरी मी गाणं म्हणत घरी गेले असते. त्यांनी काढलं नाही. पुढे त्यांनीच मला इतर केंद्रांतल्या बायांना शिकवायला पाठवलं. मी राज्यभर फिरले, रायपूरच्या दिवाणखान्यांत आणि जंगलातल्या वस्त्यांत भुलाबाईची गाणी म्हटली, आणि शेवटी ज्या खुर्चीत दीदी बसायच्या तिच्यात बसून निवृत्त झाले. कार्यालयात मला अखेरपर्यंत मराठिन मैडमच म्हणत. मी ओ द्यायची, मोठ्याने.

पण ते सगळं नंतरचं. साहेब येऊन गेल्याला पंधरवडा झाला असेल. कोजागिरी होऊन गेली होती, भुलाबाईचं विसर्जनही झालं होतं. दुपारी वस्तीसमोर गाडी थांबली आणि दोघांनी मिळून झाकण बांधलेलं एक मोठं पातेलं खाली उतरवलं. पत्र्याच्या खोलीत मधोमध ठेवलं. पोरं ताटल्या घेऊन बसलेली, बाया सुट्टी होऊन आलेल्या. मी झाकणाची दोरी सोडायला वाकले तर सगळ्या ओरडल्या, अहं! आधी ओळखायचं!

भात! खीर! खिचडी! डाळ! पोरं ताटल्या बडवायला लागली. पण एवढं पातेलं हलवणार कोण? गोंदलेल्या हातांची बाई पुढे आली. धाकटी कडेवर होती, तिला माझ्याकडे दिलं. दोन्ही तळहात तिने पातेल्याला लावले, चटका बसला तसे ओढून घेतले, फुंकर घातली आणि पुन्हा लावले.

"मीठा के नमकीन?" मी विचारलं.

ती हात तसेच ठेवून उभी.

"अगं सांग ना. काय आहे आत?"

तिने मान वर केली. "भरे हे, दीदी," ती म्हणाली. "भरे हे."